अल्झायमरचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली: सोलापुरात राहून सुरुवात कशी करावी

प्रोजेक्टला अल्झायमर घ्यायचं ठरवून मुलं येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कॉन्फोकल कुठे मिळेल?" कॉन्फोकल म्हणजे लेझरवर चालणारा महागडा सूक्ष्मदर्शक, आपल्याला जवळचा पुण्यात. मी आधी दुसरंच विचारतो. स्लाइडवर जे चमकतंय ते अमायलॉइडच, म्हणजे तंतू होऊन साचलेलं प्रथिनच आहे, हे कशावरून ठरवणार? याचं उत्तर द्यायला कोटीभराचं यंत्र लागत नाही. दोन-तीन रंग लागतात, एक बरा सूक्ष्मदर्शक लागतो आणि पुष्कळ संशय लागतो. यंत्राची पाळी त्यानंतर येते, आणि तोवर पुण्याचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. बायोटेक, प्राणिशास्त्र, फिजिक्सचे विद्यार्थी आणि पॅथॉलॉजीला नुकतेच लागलेले रेसिडेंट यांच्यासाठी मी हे लिहितोय. मेंदूची रचना थोडीफार माहीत आहे असं धरून चालतो.

काय शोधायचंय ते आधी

३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या सभेत आलोइस अल्झायमर यांनी एका रुग्ण बाईच्या मेंदूची निरीक्षणं मांडली. ती पन्नाशीतच सगळं विसरू लागली होती. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या सेक्शनमध्ये, म्हणजे मेंदूच्या पातळ चकतीत, त्यांना दोन गोष्टी दिसल्या आणि आजही आपण त्याच दोन शोधतो.

पहिली म्हणजे प्लाक. हे चेतापेशींच्या बाहेर साचतात. बीटा-अमायलॉइड या साधारण ४० ते ४२ अमिनो आम्लांच्या तुकड्यांचे तंतू एकत्र येऊन ते बनतात. आकार दहा मायक्रॉनपासून शंभराच्या आसपास, म्हणजे १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हलाही दिसतील एवढा. दुसरी म्हणजे टँगल. हे पेशीच्या आत असतात, टाउ प्रथिनाचे, आणि पिरॅमिडल चेतापेशीत ज्योतीच्या आकाराचे दिसतात. याशिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही अमायलॉइड बसतं. आडव्या कापलेल्या वाहिनीत त्याचं कडं दिसतं, आणि नवखी मुलं त्याला हमखास प्लाक म्हणून मोजतात.

शोधायला सुरुवात हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्सपासून करा. टँगल तिथे लवकर येतात.

टिश्यू मिळवणं, आणि त्याआधीचे कागद

ओळखीच्या डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेमचा तुकडा मिळेल, असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. मेडिकोलीगल शवविच्छेदनाची परवानगी ही संशोधनाची परवानगी होत नाही. नातेवाइकांची लेखी संमती आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन्ही लागतं. मानवी मेंदूचा नमुना रीतसर हवा असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत ब्रेन बँक आहे. अर्ज तुमच्या गाइडच्या नावाने आणि पूर्ण प्रोटोकॉलसह जायला हवा. उंदरांवर काम करायचं तर नोंदणीकृत अॅनिमल हाउस आणि सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार मंजुरी हवी. अल्झायमरसाठी जनुकं बदललेल्या फाइव्ह-एक्स-एफएडी जातीच्या उंदरात दोन महिन्यांतच प्लाक दिसू लागतात, एपीपी-पीएस-वनमध्ये साधारण सहा महिन्यांनी. या उंदरांत माणसासारखे टँगल होत नाहीत, म्हणून टाउ बघायचा असेल तर ही जनावरं उपयोगाची नाहीत.

कागदपत्रांना महिने लागतात, तोवर हात बसवून घ्या. अमायलॉइड फक्त मेंदूत असतं असं नाही. आपल्याकडे क्षयरोग आणि जुनाट जंतुसंसर्गामुळे किडनीत अमायलॉइड साचल्याच्या केस पॅथॉलॉजी विभागांना नवीन नाहीत. सोलापुरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खाजगीही आहे. परवानगी घेऊन अशा किडनीच्या जुन्या ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) दोन-चार सेक्शन मिळवा. प्रथिन वेगळं असलं तरी तंतूंची घडण एकच असते आणि आपले रंग त्या घडणीलाच चिकटतात. पुढे मेंदूचा प्रत्येक बॅच रंगवताना हीच स्लाइड पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे रंग नीट बसतोय याचा पुरावा म्हणून, सोबत जाईल.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा मेंदू हाताळताना प्रायॉनचा, म्हणजे संसर्ग पसरवणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाचा, विचार डोक्यात असू द्या. फॉर्मलिनने प्रायॉन मरत नाहीत. शंका असलेला ब्लॉक आधी तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात ठेवतात, आणि हे काम विभागातल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करायचं.

सेक्शन: आठचा काढा

हिस्टोपॅथॉलॉजीत रोजचे सेक्शन तीन-चार मायक्रॉनचे निघतात. हात त्यालाच बसलेला असतो. मायक्रोटोमवरच्या (चकत्या कापायच्या यंत्रावरच्या) अण्णांना तुम्ही सांगता, "अण्णा, याचे आठचे काढा." ते म्हणतात, "आठचा? जाड येतंय की सर." येऊ द्या. काँगो रेडसाठी ८ ते १० मायक्रॉन लागतात. त्याहून पातळ असला तर पोलराइज्ड प्रकाशात हिरवा रंग इतका फिका पडतो की आहे की नाही यावर वाद होतात. फार जाड झाला तर हिरव्याचा पिवळा-लाल होतो. एकाच ब्लॉकचे सलग सेक्शन घ्या आणि त्यातला एक न रंगवता तसाच ठेवा. त्या कोऱ्या स्लाइडची गरज पुढे पदोपदी पडणार आहे.

काँगो रेड

सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८८४ मध्ये, जर्मनीत काँगो रेडचं पेटंट निघालं. तोवर सुती कापडावर रंग पक्का बसवायला आधी तुरटीसारखं काहीतरी लावावं लागायचं. काँगो रेड कापसाला थेट धरायचा, म्हणून गिरण्यांनी तो उचलला. रेणू लांब, सरळ, चपटा. सेल्युलोजच्या साखळीला लगटून बसणारा. १९२२ मध्ये तो अमायलॉइडलाही धरतो हे दिसलं, आणि १९२७ मध्ये बेल्जियमच्या पॉल दिव्री यांनी अल्झायमरच्या प्लाकवर पोलराइज्ड प्रकाश टाकून त्याची दुहेरी अपवर्तनाची चमक दाखवली. अमायलॉइडच्या तंतूत प्रथिनाचे पट्टे एकावर एक रचलेले असतात. रंगाचे रेणू तंतूच्या दिशेने ओळीत बसतात आणि त्या शिस्तीमुळेच ही चमक येते.

पद्धत अशी. पॅराफिन काढून सेक्शन पाण्यापर्यंत आणा, हिमॅटॉक्सिलिनने न्यूक्लियस हलके रंगवा, धुवा. ८०% अल्कोहोलमध्ये सोडियम क्लोराइड संपृक्त करून ठेवलेलं असावं. घरचं आयोडीनयुक्त मीठ नको, लॅबचं घ्या. वापरायच्या वेळी त्याच्या १०० मिलीत १% सोडियम हायड्रॉक्साइडचा १ मिली घाला आणि गाळा. स्लाइड त्यात २० मिनिटं. मग तसंच द्रावण, पण काँगो रेडने संपृक्त केलेलं, हेही अल्कली घालून ताजं गाळलेलं. त्यात आणखी २० मिनिटं. अल्कली घातलेलं द्रावण पंधरा मिनिटांच्या आत वापरायला घ्या, शिळं झालं की पार्श्वभूमी लाल होते. नंतर थेट अॅब्सोल्यूट अल्कोहोलच्या तीन बदल्या, भराभर. झायलिन, डीपीएक्स (काच चिकटवायचं माध्यम), कव्हरस्लिप. हा रंग बेंझिडिनपासून बनतो आणि बेंझिडिन कर्करोगकारक आहे, म्हणून पावडर तोलताना मास्क आणि ग्लोव्ह्ज घाला.

आता पाहणं. पोलराइजिंग सूक्ष्मदर्शक नसेल तर ज्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात तिथे जा. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो. त्याच्या पातळ चकत्या पाहायला त्यांच्याकडे हे यंत्र असतंच. खोलीत अंधार करा, दिवा पूर्ण वाढवा, दोन्ही पोलराइजर काटकोनात आणा म्हणजे मोकळी काच काळी दिसेल. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या. स्टेज हळू फिरवा. खरं अमायलॉइड साध्या प्रकाशात विटकरी-गुलाबी दिसतं, इथे ते कच्च्या सफरचंदाच्या हिरव्या रंगात उजळतं, आणि स्टेज फिरवली की उजळलेला भाग बदलत जातो. गोल प्लाकमध्ये बऱ्याचदा काळा क्रॉस दिसतो, कारण तंतू मध्यापासून चौफेर पसरलेले असतात. हा क्रॉस एकदा नीट पाहिला की विसरत नाही.

पण याच प्रकाशात इतरही बरंच काही उजळतं. रक्तवाहिनीभोवतीचं कोलॅजन पांढरट-निळसर दिसतं. बोअरच्या जड पाण्याने स्लाइड धुतली असेल तर वाळलेले क्षार स्फटिकासारखे चमकतात. नळाला रोज पाणी येत नाही हे खरं, तरी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन वेगळा राखून ठेवा. आणि सगळ्यात फसवा म्हणजे कापूस. आपल्या गावात टॉवेल-चादरीचे माग आहेत, कापसाचा तंतू हवेत, एप्रनवर, टेबलावर सगळीकडे असतो. तो स्लाइडवर बसला तर काँगो रेड त्याला धरणारच, तो रंग मुळात त्याच्यासाठीच बनवलेला आहे. वर तो पोलराइज्ड प्रकाशातही चमकतो. ओळखायची खूण: कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा लांब असतो, टिश्यूच्या वरच्या पातळीवर फोकस होतो, सेक्शनच्या बाहेर मोकळ्या काचेवरही सापडतो. फाइन फोकस वर-खाली करून पाहिल्याशिवाय काहीही नोंदवू नका. स्लाइड आणि लेन्स टॉवेलने पुसायची सवय मोडा, लेन्स पेपर वापरा. पांढऱ्या सुती कापडातल्या ऑप्टिकल ब्राइटनरमुळे (पांढरेपणा वाढवणाऱ्या रसायनामुळे) तोच तंतू अल्ट्राव्हायोलेटमध्ये निळाशार पेटतो, म्हणजे फ्लुओरेसन्समध्येही तो पाठ सोडत नाही.

थायोफ्लेव्हिन एस

हाही मूळचा कापडाचाच रंग. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक हाती असेल तर रोजच्या कामाला हाच सोयीचा. १% पाण्यातलं द्रावण, गाळून, अंधारात ५ ते ८ मिनिटं. मग ८०% अल्कोहोलमध्ये दोनदा तीन-तीन मिनिटं, पाण्याने धुऊन पाण्यावर आधारित माउंटिंग माध्यम. कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, बिनरंगी घ्या, चकाकीवाली नको. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार असतो. कडा उघड्या राहिल्या तर दुपारपर्यंत माध्यम सुकून हवेचे बुडबुडे आत शिरतात.

एफआयटीसी या नेहमीच्या हिरव्या फ्लुओरेसंट रंगाचा फिल्टर चालतो: ४८० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजन, ५२० च्या आसपास हिरवा प्रकाश. दाट गाभ्याचा प्लाक मध्ये प्रखर आणि भोवती फिकट वलय असा दिसतो. टँगलही दिसतात. विरळ पसरलेले, म्हणजे डिफ्यूज प्लाक मात्र याला नीट दिसत नाहीत, कारण त्यांत तंतूंची पक्की घडण कमी असते. त्यांच्यासाठी अँटिबॉडी लागते. सिक्स-ई-टेन किंवा फोर-जी-एट ही अँटिबॉडी अमायलॉइडला, एटी-एट ही टाउला. अमायलॉइडच्या अँटिबॉडीआधी सेक्शनला काही मिनिटं फॉर्मिक आम्ल द्यावं लागतं, त्याशिवाय ती आत दडलेल्या जागेपर्यंत पोचत नाही. सिक्स-ई-टेन ज्यातून अमायलॉइड तुटून निघतं त्या मूळ एपीपी प्रथिनालाही धरते, म्हणून पेशीच्या आत दिसलेल्या सिग्नलवर लगेच निष्कर्ष काढू नका.

जुन्या मर्क्युरी दिव्याचं यंत्र असेल तर वीज गेली की हात आवरा. दिवा गरम असताना पुन्हा पेटवू नये, अर्धा तास थंड होऊ द्यावा. नवीन यंत्र घेण्याचं बोलणं चालू असेल तर एलईडीचंच घ्यायला लावा.

हळदीबद्दल मुलं विचारतातच. कर्क्युमिन अमायलॉइडला चिकटतं आणि स्वतः चमकतं, हे खरं आहे. प्लाक रंगवायला ते वापरतात. त्यासाठी शुद्ध कर्क्युमिन मागवावं लागतं, सांगलीची हळदपूड पाण्यात कालवून भागत नाही. हळद खाल्ल्याने विस्मरण थांबतं हे मात्र माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, तेव्हा प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ते घुसडू नका.

लिपोफ्युसिन: इथेच बहुतेक जण अडकतात

म्हाताऱ्या माणसाच्या चेतापेशींत लिपोफ्युसिन नावाचे पिवळट-तपकिरी कण साचलेले असतात. ते कुठलाही रंग न देता चमकतात, आणि निळा, हिरवा, लाल अशा सगळ्या चॅनेलमध्ये चमकतात. अल्झायमरचं टिश्यू साहजिकच म्हाताऱ्या माणसांचं असतं, त्यामुळे हा त्रास कायमचा. वर्षानुवर्षं फॉर्मलिनमध्ये पडलेल्या मेंदूत पार्श्वभूमी आणखी वाढते. वाहिनीतल्या तांबड्या पेशीही आपापल्या परीने उजळतात.

आता ती न रंगवलेली स्लाइड काढा. रंगवलेल्या स्लाइडला जे एक्स्पोजर दिलं तेच हिला द्या आणि फोटो घ्या. हिच्यात जे दिसतंय ते तुमच्या रंगाचं नाही. मग रंगवलेल्या स्लाइडची तीच जागा हिरव्या आणि लाल अशा दोन्ही चॅनेलमध्ये पाहा. एक-दोन मायक्रॉनचे कण, न्यूक्लियसच्या एका बाजूला घोळक्याने, दोन्हीकडे सारखेच उजळ: लिपोफ्युसिन. फक्त हिरव्यात प्रखर, ज्योतीच्या आकाराचं आणि धागेदार: टँगल असण्याची शक्यता चांगली.

अँटिबॉडीने रंगवत असाल तर माउंट करण्याआधी ७०% अल्कोहोलमधल्या ०.१% सुदान ब्लॅक बीमध्ये ५ ते १० मिनिटं ठेवा, लिपोफ्युसिनची चमक बरीच दबते. त्यानंतर डिटर्जंट वापरला तर सुदान ब्लॅक निघून जातो. थायोफ्लेव्हिनच्या स्लाइडवर हे आधी जादाच्या सेक्शनवर करून बघा, कारण ७०% अल्कोहोल थायोफ्लेव्हिनही थोडं धुऊन नेतं. अँटिबॉडीसाठी फ्लुओरोफोर (तिला जोडलेला चमकणारा रंग) निवडायची मुभा असेल तर फार-रेड घ्या. तिथे लिपोफ्युसिनचा जोर कमी असतो.

फोटो काढणं आणि मोजणं

कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रॉनचा आणि ऑब्जेक्टिव्ह २० एक्स असेल तर फोटोतला एक पिक्सेल म्हणजे टिश्यूवरचे ०.३२५ मायक्रॉन. तीस मायक्रॉनचा प्लाक नव्वदएक पिक्सेल रुंद येतो. मोजायला एवढं पुष्कळ झालं. प्लाकच्या मोजणीसाठी ६३ एक्सचा हट्ट धरू नका, क्षेत्र कमी येतं आणि वेळ जातो.

एक्स्पोजर सगळ्यात प्रखर स्लाइडवर ठरवा, एकही पिक्सेल पूर्ण पांढरा होता कामा नये, आणि मग ते शेवटच्या स्लाइडपर्यंत बदलू नका. स्लाइडच्या नावांवर मित्राकडून चिकटपट्टी लावून घ्या आणि त्याच्याकडून आकडे टाकून घ्या, म्हणजे कुठली रुग्णाची आणि कुठली कंट्रोलची हे मोजताना कळणार नाही. फाइल यंत्राच्या मूळ स्वरूपातच ठेवा. जेपीईजी व्हॉट्सअॅपवर गाइडना पाठवायला ठीक आहे, मोजायला नाही.

मोजायला फिजी नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पार्श्वभूमी वजा करताना रोलिंग बॉलची त्रिज्या सगळ्यात मोठ्या प्लाकपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर प्लाकच पोखरला जातो. थ्रेशोल्ड (किती उजळ पिक्सेल प्लाक धरायचा ती मर्यादा) एकाच पद्धतीने सगळ्यांना, किमान आकाराची अट घालून लिपोफ्युसिनचे कण वगळा, आणि प्लाकने व्यापलेलं क्षेत्र टक्क्यांत काढा. संपूर्ण स्लाइड स्कॅन केलेली असेल तर क्यूपाथ सोयीचं, तेही मोफत. टिश्यू अजून हातात नसेल तर अमेरिकेतल्या अॅलन इन्स्टिट्यूटने वृद्धत्व आणि स्मृतिभ्रंशाच्या मेंदूंची चित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत, त्यांवर सराव करा.

एका मेंदूचे दहा सेक्शन मोजले तरी नमुना एकच राहतो. प्रबंधात हे दहा म्हणून लिहिलं तर व्हायव्हाला परीक्षक तेवढ्यावरच पकडतील, आणि बरोबरच पकडतील. आणखी एक: स्मरणशक्ती शाबूत असलेल्या वृद्धांच्या मेंदूतही प्लाक सापडतात. विस्मरणाशी टँगलचं नातं प्लाकपेक्षा जवळचं आहे. तेव्हा प्लाक दिसले म्हणजे रोग ठरला, असं वाक्य कुठेही येऊ देऊ नका.

आता कॉन्फोकल

प्लाकभोवती मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) कशा जमल्यात, चेतातंतू कुठे सुजलेत, हे पाहायचं असेल तर कॉन्फोकल खरंच हवा. तो एका पातळीबाहेरचा प्रकाश गाळून टाकतो, म्हणून ३०-४० मायक्रॉनच्या जाड सेक्शनमधूनही स्वच्छ थर मिळतात. टू-फोटॉन पद्धत १९९० मध्ये आली. तिचा लांब तरंगलांबीचा प्रकाश टिश्यूत कमी विखुरतो, त्यामुळे जिवंत उंदराच्या कवटीत खिडकी करून काही शे मायक्रॉन खोलवरचे प्लाक आठवड्यामागून आठवडे पाहता येतात. त्यासाठी काँगो रेडपासूनच पुढे घडवलेला मेथॉक्सी-एक्स-झिरो-फोर हा रंग वापरतात, तो रक्तातून मेंदूत शिरतो. लाइट-शीटला, म्हणजे प्रकाशाचा पातळ पडदा टाकून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला, अख्खा मेंदू आधी पारदर्शक करावा लागतो: भज्यांच्या तेलाने वर्तमानपत्राचा कागद आरपार दिसू लागतो, तेच इथे होतं, आतल्या आणि बाहेरच्या पदार्थाचा अपवर्तनांक जुळवला की प्रकाश विखुरत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला यातल्या शेवटच्या दोन्ही पद्धती झेपणार नाहीत, वेळ आणि पैसा या दोन्ही हिशेबांनी. वाचून ठेवा.

कॉन्फोकलसाठी पुणं जवळचं, अडीचशे किलोमीटर. कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे आणि बाहेरच्यांना दर काय, हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. नोंदणी गाइडच्या नावाने करा. स्थिरीकरण केलेल्या, माउंट केलेल्या स्लाइडना बर्फ लागत नाही. स्लाइड बॉक्स आडवा, फॉइलमध्ये गुंडाळून, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा. सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल, कोरी स्लाइड आणि फक्त दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी, रंग जोडलेली) दिलेली स्लाइड हवीच. कुठल्या स्लाइडची कोणती जागा पाहायची, हे इथल्या साध्या सूक्ष्मदर्शकावर आधी शोधून काचेच्या मागे मार्करने खूण करून न्या. तिथे तासावर पैसे लागतात आणि पहिला तास जागा शोधण्यातच जातो. ऑपरेटरला फ्लुओरोफोरची नावं आणि कव्हरस्लिपची जाडी आदल्या दिवशी कळवा, बहुतेक लेन्स ०.१७ मिलिमीटरच्या काचेसाठी बनवलेल्या असतात. पेनड्राइव्ह तिथे चालतो का तेही विचारून घ्या, व्हायरसच्या भीतीने बरेच जण लावू देत नाहीत. आणि स्लॉट रद्द करायची वेळ आली तर वेळेत कळवा. न कळवता गैरहजर राहिलात, तर पुढच्या वेळी तुमच्या कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाला तारीख मिळायला जड जातं.